आमचे व्याही आणि मुका जी-एच

इंग्रजी भाषेवर इतका मनापासून रागावलेला आणि तरीही तिच्यावाचून एक दिवस न करमणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि तो नेमका माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. मी कर्जतच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं की आता या भाषेचा आणि आपला संबंध औषधांच्या बाटल्या वाचण्यापुरता उरला. पण माझ्या मुलीनं खोपोलीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा पसंत केला, आणि त्या मुलाबरोबर त्याचे वडील आले. ते कुंभिवलीजवळ हमरस्त्याला लागून असलेल्या एका वजनकाट्यावर कामाला होते. सकाळी घरच्या भाताच्या खाचरात, दिवसभर काट्याच्या केबिनीत. रिकामा ट्रक काट्यावर चढवायचा, वजन घ्यायचं, माल भरून आला की पुन्हा घ्यायचं आणि पावती फाडायची. अशी वीसेक वर्षं गेली. मग एके दिवशी मालकानं जुनी पाटी काढून नवी लावली, व्याह्यांनी ती पहिल्यांदाच नीट वाचली आणि तिथून ते बिघडले.

पहिल्यांदा ते आमच्या घरी आले तेव्हा बायकोनं प्रश्नांची यादीच करून ठेवली होती. घर कसं आहे, पाणी किती वाजता येतं, मोरी घरात की परसात, हायवेची धूळ किती. कर्जतच्या बाजारपेठेत वाढलेली मुलगी, तिला तिथं खेड्यात करमेल का, या विचारानं तिची तीन दिवस झोप उडाली होती. व्याही कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, कोचाच्या अगदी कडेवर बसले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि बायकोनं तोंड उघडायच्या आत मला म्हणाले, “सर, तुमी इंग्रजीचे. मला एक सांगा. आमच्या काट्याच्या पाटीवर ‘वे’ लिवलंय, वजन करायचं ते. डब्ल्यू, ई, आय, जी, एच. आता वे म्हणायला आय पत्तुर पुरं झालं की. मंग हे जी आनि एच कशाला बसल्यात?”

“ते सायलेंट असतात,” मी म्हणालो.

“म्हंजे हायत, पण बोलत नायत.”

“हो.”

“मंग हायत कशाला?”

एकतीस वर्षं मी पोरांना ‘सायलेंट’ असं सांगत आलो होतो. पोरं ते वहीत लिहून घेत आणि खिडकीबाहेर बघत. हा पुढचा प्रश्न मला एकाही वर्गात कुणी विचारला नव्हता. मी घसा साफ केला आणि सांगितलं की पूर्वी इंग्रज लोक तिथं घशातून ‘ख’सारखा काहीतरी आवाज काढायचे, पुढे तो आवाज गेला आणि अक्षरं तशीच राहिली. व्याह्यांनी पोहे चावत विचार केला. “आलं ध्यानात,” ते म्हणाले, “माणूस गेला, पण रेशनकार्डावरचं नाव काय कुणी कमी केलं नाय.” इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळालं नव्हतं. पण त्यानंतर ‘नाइट’, ‘लाइट’ आणि ‘फाइट’ यांतली मेलेली माणसं मोजण्यातच बैठक संपली आणि मोरीचा प्रश्न राहूनच गेला. मंडळी गेल्यावर बायको म्हणाली, “मुलगा चांगला आहे. सासरे जरा...” आणि तिनं कानाजवळ बोट गोल फिरवलं.

त्यांची वही मी नंतर पाहिली. शंभर पानी, वर पुठ्ठा घातलेला, आणि आत जी-एच असलेला प्रत्येक शब्द त्याच्या अर्थासकट. वहीचे तीन भाग होते. पहिला ‘मुके’, म्हणजे ज्यांत जी-एच बसतो पण बोलत नाही. दुसरा ‘फ-वाले’, म्हणजे लाफ, रफ, टफ, इनफ. हे लोक जी-एच लिहून फ म्हणतात, यावर व्याह्यांचा फार राग. “नाव एकाचं आनि आवाज दुसऱ्याचा, ही फशिवणूक झाली,” असं ते म्हणत. तिसरा भाग ‘खरे’. त्यात जी-एच लिहिलं की सरळ घ वाचायचा. त्या पानावर ‘घी’ आणि ‘घाट’ असे दोनच शब्द होते आणि दोन्ही इंग्रजांनी आपल्याकडून उचललेले. “बोरघाट चढून गेले तवा एक शब्द तरी नीट शिकले,” हे त्यांचं मत. भूताचा ‘घोस्ट’ मी त्यात घालायला सांगितला, तर म्हणाले, “त्याला गोस्ट म्हणतात ना? मंग त्यातला एच मुका. निम्मा मेलेला हाय, ऱ्हाऊ द्या भाइर.”

अर्थ मात्र त्यांनी शब्दकोशातून घेतले नव्हते. ‘नेबर’ या शब्दापुढे लिहिलं होतं, बांध कोरणारा. ‘टाइट’पुढे, शनिवारचा ड्रायव्हर. ‘साय’पुढे, सुस्कारा, दुधावरची येगळी. ‘हाय’ म्हणजे उंच, या शब्दावर तर त्यांचा विशेष जीव होता. त्यात जी-एच ऐकू येत नाही तरी शब्द हाय, आणि आमच्या भागात आहेला हायच म्हणतात, म्हणजे हा शब्द मुळात खालापूर तालुक्यातला असावा असा त्यांचा संशय होता. मी तो दूर करण्याचा प्रयत्न केला नाही. शिक्षकी पेशानं मला एक गोष्ट शिकवली आहे, समोरचा खुशीत असला की खडू खाली ठेवावा.

हे सगळं वहीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण व्याह्यांच्या काट्यावर रोज शंभरेक ट्रक यायचे आणि प्रत्येक ट्रकच्या पाठीवर काही ना काही लिहिलेलं असायचं. एकदा उत्तरेकडचा एक ट्रक आला. मागे रात्री डिपर वापरण्याची विनंती होती आणि रंगवणाऱ्यानं ‘नाइट’ जी-एचशिवाय, चार अक्षरांत उरकला होता. व्याही केबिनीतून उतरले, ट्रकला एक फेरी मारली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “इसमें दो कम है. किधर उतारा?” ड्रायव्हरला वाटलं मालातल्या दोन गोणी. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो शपथा घ्यायला लागला, त्यानं ताडपत्री सोडली, क्लीनरला खाली उतरवून दम दिला आणि शेवटी मालकाला फोन लावून व्याह्यांच्या हातात दिला. व्याह्यांनी मालकाला शांतपणे विचारलं, “आपके गाडी का जी-एच किधर है?” मग मालक म्हणाला की कागदपत्रं सगळी क्लीनरकडे आहेत. मागे हायवेवर रांग लागली होती. तो ड्रायव्हर पुढे कधी आला की आधी मागच्या पाटीवर ओलं फडकं टाकायचा, असं माझा जावई सांगतो.

खोपोलीच्या डॉक्टरांकडे खोकला घेऊन गेले तर म्हणाले, “डॉक्टर, कफ झालाय. पण तुमी लिवताना बगा. इंग्रजीतला कफ म्हंजे आवाज, मराठीतला म्हंजे ऐवज. मला दोनी हायत.” शिळफाट्याच्या बेकरीत जाऊन त्यांनी विचारलं की मळलेल्या पिठाला तुमच्यात डो म्हणतात की डफ. बेकरीवाल्यानं हात पुसले आणि सांगितलं, “आमच्यात मैदा म्हणतात.” नेरळला तर कहरच झाला. तिथं जिकडेतिकडे नव्या इमारती उठतायत आणि प्रत्येकीच्या नावात ‘हाइट्स’. एका फलकावर पहिल्या एचपुढचा ई गाळला होता. ते सांगायला व्याही विक्रीच्या ऑफिसात शिरले. तिथल्या मुलीनं त्यांना गिऱ्हाईक समजून पाणी दिलं, टोपी दिली, सातव्या मजल्यावर नेलं, नमुन्याचा फ्लॅट दाखवला, बाल्कनीतून माथेरान दाखवलं. व्याह्यांनी सगळं पाहून घेतलं आणि खाली आल्यावर म्हणाले, “पोरी, घर चांगलं हाय. पण नावात ई नाय, मी कसा ऱ्हाऊ?” घरी विहीणबाई म्हणायच्या, “आमची म्हसबी आता जी-एच वळखते. तेवडं नाव काडलं की दूध चोरते.”

लग्न ठरलं. त्यांच्या भावकीत कुरबूर होतीच. पोरानं मास्तरांची मुलगी केली, आता शिकलेली माणसं येऊन आपल्याला हसणार, असं चुलते-मालते उघड बोलत. आमच्याकडेही बायकोच्या मनातून शंका गेली नव्हती. अशात लग्नपत्रिका छापायची होती. मराठी बाजू सर्वांनी मिळून लिहिली. मुलीच्या ऑफिसातल्या लोकांसाठी मागे इंग्रजी मजकूर हवा होता, तो अर्थात मी लिहिला. प्रूफही मीच तपासलं, चष्मा पुसून दोनदा, आणि खाली सही केली.

लग्नाला नऊ दिवस असताना व्याही सकाळीच आले. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले होते, हेल्मेट काखेत. आत आल्यावर म्हणाले, “सर, दार जरा लोटून घ्या.” मी लोटलं. त्यांनी खिशातून आमची पत्रिका काढली, उलटी केली आणि एका शब्दाखाली नख धरलं. शब्द होता ‘डॉटर’. ‘आमची मुलगी’ असं ज्या ओळीत लिहिलं होतं, तिथं एच पुढे गेला होता आणि जी मागे राहिला होता.

मी खुर्चीवर बसलो. एकतीस वर्षं याच शब्दाखाली मी लाल रेघा मारल्या होत्या. शंभर पत्रिका आमच्याकडच्या, दोनशे त्यांच्याकडच्या, आणि छापखानेवाला आठ दिवसांच्या आत हात लावणार नव्हता. त्यांच्या भावकीतल्या एकाच्या जरी लक्षात आलं असतं की इंग्रजीच्या मास्तरांना स्वतःच्या मुलीचं स्पेलिंग येत नाही, तर तीन गावांना वर्षभर पुरेल एवढा विनोद झाला असता.

“तुमच्याकडच्या वाटून झाल्या?” मी विचारलं.

“नाय. चार दिवस झाले, मला कवाच दिसलं ते. सोयऱ्यांना सांगितलं, पत्रिका यायच्या हायत.”

मग त्यांनी पिशवीतून कागदाची एक गुंडाळी काढली. काट्यावर पावत्या छापतात त्या कागदाची. तिच्यावर एकाखाली एक, बारीक अक्षरांत, एकच शब्द तीनशे वेळा छापलेला होता, आणि प्रत्येक वेळी जी आधी, एच नंतर. मालकाला त्यांनी सांगितलं होतं की मशीन तपासतोय. स्वतःच्या दोनशे पत्रिकांवर त्यांनी चार दिवस केबिनीत बसून, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, त्या पट्ट्या चिकटवल्याही होत्या. आता आमच्या शंभरासाठी आले होते.

आम्ही तिघं जमिनीवर बसलो. बायको नखं कापायच्या कात्रीनं पट्ट्या कापत होती, व्याही गोंद लावून बसवत होते आणि मी वर अंगठा दाबत होतो. मला तेवढंच काम दिलं होतं. मग बायकोनं मान वर न करता विचारलं, “घरी कुणाला सांगितलंत?”

“नाय. आमच्या मंडळींनाबी नाय.”

“का हो?”

“काय सांगायचं त्यात? छापणाऱ्याची चूक हाय.”

चूक छापणाऱ्याची नव्हती. प्रूफावर माझी सही होती, आणि छापखान्यात जाऊन ती सही ते आधीच पाहून आले होते हे मला लग्नानंतर कळलं. त्या वेळी मी नुसता अंगठा दाबत राहिलो. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “सर, तुमी मनाला लावून घेऊ नका. ते दोगं जागा बदलून बसले तरी आवाज तोच येतो. कुणाला ऐकू नाय गेलं.”

चहा-पोहे झाल्यावर बायकोनं त्यांना दुसऱ्यांदा पोहे केले. आमच्या घरात पाहुण्यांसाठी दुसऱ्यांदा पोहे होताना मी तोवर पाहिले नव्हते. लग्नात आमचे जुने हेडमास्तर पत्रिकेवर बोट फिरवून म्हणाले, “ही चिकटवलेली पट्टी वगैरे नवी फॅशन दिसते.” मी हो म्हणालो. व्याही तेव्हा पंगतीत मठ्ठा वाढत होते.

मुलगी तिकडे रमली. फोनवर सांगायची, “बाबा, आज त्यांनी मला ‘बाउ’ विचारला, फांदी म्हणजे. मला नव्हता येत. तर म्हणाले, येत नाय तर बाऊ करू नको, लिवून घे.” सून ऑफिसातून आली की चहाबरोबर एक शब्द, असा त्या घराचा नियम झाला. सासू-सुनांत काही वाजलंच, तर व्याही मधे बसून ‘फाइट’चं स्पेलिंग विचारत आणि दोघी एक होऊन त्यांच्यावर तुटून पडत. संसार मार्गी लागायला एवढंसुद्धा पुरतं, हे मला माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. आजारपण फार झालं नाही, पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. दिवसकार्य झाल्यावर माणसं पांगली, मुलगी महिनाभर राहून गेली आणि घरात मी एकटा उरलो. काट्यावरून व्याही तोवर निवृत्त झाले होते. पुढच्या गुरुवारी सकाळी ते दारात उभे. कुंभिवलीहून टमटमनं खोपोली आणि तिथून बसनं कर्जत, असे आलेले. ‘कसं चाललंय’ नाही, ‘देवाची मर्जी’ नाही. चपला काढल्या, बसले आणि म्हणाले, “सर, ‘थ्रू’मदला जी-एच आनि ‘दो’ म्हंजे जरी, त्यातला जी-एच एकच का येगळे?” मी काहीतरी उत्तर दिलं. चहा मीच केला, फार गोड झाला, त्यांनी पिऊन टाकला आणि दुपारच्या गाडीनं गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्याच्याही पुढच्या गुरुवारी पुन्हा.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी माझा तोल गेला. त्या दिवशी मी कपाट आवरायला काढलं होतं आणि तिच्या साड्या हातात होत्या. त्यांनी ‘ड्राउट’ काढला, म्हणजे दुष्काळ. मी म्हणालो, “बंद करा हो ते तुमचं जी-एच. मला नाही आता त्यात काही वाटत.” त्यांनी कप उचलून मोरीत ठेवला, विसळला, पालथा घातला आणि “येतो” म्हणून निघाले. मला वाटलं, संपलं. सबंध आठवडा मी स्वतःला शिव्या घातल्या, पण फोन उचलून बोलायचा धीर झाला नाही.

गुरुवारी ते आले. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती. बसले, शेंगा पेपरावर ओतल्या आणि सोलायला लागले. मीही सोलायला बसलो. अर्धा तास झाला तरी ते काही बोलेनात. शेंगा संपत आल्या तसं मला ते सहन होईना.

“आज शब्द नाही का काही?” मी विचारलं.

“हाय,” ते म्हणाले, “पन बारका हाय.” आणि खिशातून वही काढली.

त्या वर्षी आम्ही किती शब्द पाहिले ते सांगता येणार नाही. निम्म्यांवर भांडलो. गुरुवारी सकाळी मी दाढी करायला लागलो, बाजारातून चांगली बिस्किटं आणायला लागलो. शेजारणी म्हणत की सरांकडे शिकवणीला म्हातारा येतो. शिकवणी कोण कुणाची घेत होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा गुडघा गेला. बसची पायरी चढवेना. आता गुरुवारी मीच कुंभिवलीला जातो. परवा जाताना एक शब्द घेऊन गेलो. जुना शब्दकोश चाळताना सापडला होता, मी स्वतः कधी वर्गात शिकवला नव्हता. ‘स्लफ’, म्हणजे सापाची कात. ते ओटीवर पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मी शब्द सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणायला लावला, अक्षरं एकेक करून विचारली, साप कात टाकतो तेव्हा नेमकं काय होतं हे मला, मास्तरला, नीट समजावून सांगितलं आणि वहीत शेवटच्या पानावर हळूहळू लिहून काढला. “हे नवीन आनलंत सर,” ते म्हणाले. मला शाळेत पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

पाणी प्यायला आत गेलो तर रजेवर असलेली मुलगी गॅसपाशी उभी होती. हळूच म्हणाली, “बाबा, तो शब्द त्यांच्या वहीत गेल्या वर्षीच आलाय. मीच शोधून दिला होता. फ-वाल्यांत बघा हवं तर.”

मी बघितलं नाही. बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसलो. ऊन ओटीवरून खाली उतरेपर्यंत आम्ही बसलो होतो. रस्त्यावर टमटमचा आवाज आला तसा मी उठलो.

“फुडल्या गुरवारी येताय ना?” त्यांनी विचारलं.

“येतो,” मी म्हणालो, “शब्द शोधून ठेवतो एखादा.”

“नाय गावला तरी या,” ते म्हणाले.

टमटम हायवेला वळेपर्यंत ते ओटीच्या खांबाला धरून उभे होते. डॉक्टरांनी त्यांना इतका वेळ उभं राहायला मनाई केली आहे.